आंबिया बहार आणि मधला स्पीकर

संत्र्यांच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की पांढुर्ण्यात सकाळ आधी नाकाला कळते. दार उघडावं तर थंडीबरोबर संत्र्याच्या सालीचा तो कडवट-गोड वास आत येतो, आणि त्याच्या मागोमाग ट्रकच्या डिझेलचा. यंदाही आला. मी शाल घेऊन ओट्यावर उभा राहिलो, चहा प्यायलो, आत आलो. पूर्वी चहा संपायच्या आत कोणाची गाडी कोणत्या बगीच्याची आहे, हे मला उभ्या उभ्या सांगता यायचं. यंदा वास आला आणि मला काहीच झालं नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतो, मग गाल आपलाच असूनही आपला वाटत नाही. दोन हंगामांपासून मला तसं होतं.

हंगामाचा आवाजही आता राहिलेला नाही. माझ्या तरुणपणी संत्री लाकडी पेट्यांत जायची. पेट्या ठोकणारे आम्ही दहा-बाराजण बगीच्यातच सावली धरून बसायचो, तोंडात खिळे धरून. खिळा तीन घावांत आत गेला पाहिजे. चौथा घाव मारणाऱ्याला मुकादम आईवरून शिव्या द्यायचा. खाली तणस, वर संत्री, वर पुन्हा तणस, मग झाकणाच्या फळ्या आणि ठक-ठक-ठक. संध्याकाळी विहिरीवर हात धुवायला गेलं तरी ठोके कानात चालूच असायचे. कोणाशी बोलायचं तर ओरडून. लोक म्हणतात मी तापट आहे. राग मला नंतर आला, आवाज आधी आला होता.

आता प्लास्टिकचे कॅरेट आहेत. ते एकात एक गुपचूप बसतात.

हातोडी सोडून मी दलालाच्या मागं फिरू लागलो, आणि मग स्वतः बगीचे घेऊ लागलो. मला कोणी शिकवलं नाही. झाडावरचा माल उभ्या उभ्या पाहून सौदा करायचा असतो, आणि त्यात जो फसला तो पुढच्या वर्षी पुन्हा पेट्या ठोकायला येतो. मी फसलो नाही, कारण एक गोष्ट लवकर ओळखली. बगीच्याचा मालक माणूस आणतो तेव्हा रस्त्याकडच्या ओळीपाशी थांबवतो. त्या ओळीला पाणी जास्त, खत जास्त. फळं अशी लगडलेली की फांद्यांना बांबूचे टेके द्यावे लागतात. मी त्या ओळीकडं पाठ करून सरळ मधल्या ओळीत शिरायचो. मधलं एखादं झाड धरायचं, त्याची आतली फांदी हातानं तोलायची, फळ दाबून पाहायचं. भाव तिथं कळतो. मालक मागून हाका मारतो, "शेठ, इकडचं पाहा ना!" तर समजायचं, तिकडं पाहण्यासारखं काही नाही.

मोहगावकडचा असा एक बगीचा शोभाच्या वडिलांचा होता. शोभा म्हणजे माझी बायको. त्या बगीच्यात मी आधी पेट्या ठोकल्या आणि सहा वर्षांनी तिथलाच माल विकत घेतला. तिचे वडील हिशेबी पण दिलदार होते. त्यांनीच पोरगी देतो म्हटलं. घरात एकटा विलास विरोधात होता. विलास म्हणजे शोभाचा धाकटा भाऊ, तेव्हा कॉलेजात शिकत होता, शर्टाच्या खिशाला पेन लावायचा. लग्नात जेवणाच्या पंगतीत तो त्याच्या मित्रांना म्हणाला, मी मागंच उभा होतो:

"पेट्या ठोकणाऱ्याले काय समजते बे? त्याले आवाज समजते. बोलणं थोडीच समजते!"

पोरं हसली. मी नवरदेव होतो, डोक्याला मुंडावळ्या होत्या. नवरदेवाला मारामारी करता येत नाही. ते वाक्य मी गिळलं. अठ्ठावीस वर्षं झाली, ते पचलं नाही.

लग्नानंतरचा पहिला हंगाम आठवतो. शोभा डबा घेऊन बगीच्यात यायची आणि सौदे पाहत बसायची. तेव्हा जुने व्यापारी भाव तोंडानं बोलत नसत. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर दुपट्टा टाकायचा, आणि दुपट्ट्याखाली बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. भोवती वीस माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. दोघंही तोंडानं पिकापाण्याच्या गप्पा मारत असतात. ज्याला पटलं नाही तो बोटं ढिली करून पुन्हा खालून सुरू करतो. पटलं की हात बाहेर काढायचा. हात बाहेर आला की सौदा पक्का, मग देव आला तरी फिरत नाही.

शोभाला हे फार आवडलं. मी तिला शिकवलं. जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला शनिवारची गर्दी असायची, तिथं ती पदराखालून माझा हात धरायची आणि दोन बोटं दाबायची: दोन नारळ घ्या. घरी पाहुणे बसलेले असले की चहा वाढताना माझ्या मनगटावर एक बोट: एकच कप दूध उरलं आहे. आम्ही हसायचो. पाहुण्यांना वाटायचं, नवीन लग्न आहे.

मग माझा धंदा वाढला, तालुक्याबाहेर फिरणं वाढलं, भाव मोबाइलवर ठरू लागले. दुपट्ट्याखालचे हात सुटले. घरातलेही कधी सुटले ते लक्षात आलं नाही.

शोभाचं ऐकणं कमी झालं तेही असंच लक्षात आलं नाही. मी आधीपासूनच ओरडून बोलणारा. तिला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडतो आहे की नेहमीसारखाच, हे कोणाला कळणार? कुकरची शिटी विसरायची, दूध उतू जायचं. मी चिडायचो. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, नस कमजोर झाली आहे. कानात घालायची मशीन दिली. ती तिनं आठ दिवस घातली आणि कपाटाच्या खणात ठेवून दिली.

"काहून काढली?" मी विचारलं.

"सारं गावच कानात घुसते," ती म्हणाली. "भांडे, गाड्या, कुत्रे. माणूस काय बोलून राहिला तेच तेवढं नाही समजत."

"मंग मी जोरानं बोलतो."

"तुमी जोरानं बोलता तं तुमचा आवाज येते. शब्द नाही येत."

मी त्या वेळी यावर काही विचार केला नाही.

तिला मालिका आणि सिनेमे पाहायचा नाद होता. हळूहळू तो सुटला. संध्याकाळी टीव्ही चालू असायचा आणि ती भाजी निवडत दुसरीकडं पाहत असायची. दोन वर्षांपूर्वी, असाच आंबिया बहार होता, आमचं नवं घर पूर्ण होत आलं. मी ठरवलं की हॉलमध्ये होम थिएटर बसवायचं. ती पुन्हा त्या सोफ्यावर बसली पाहिजे, सिनेमातलं बोलणं तिला कळलं पाहिजे. बाकी त्या हॉलमध्ये मला काही नको होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं, शौक आहे.

स्पीकर आधी घेतले. नागपूरला एक दुकान बंद होत होतं. माणसाभर उंचीचे दोन उभे, मागं लावायचे दोन, मध्ये ठेवायचा एक आडवा, आणि जमिनीवरचा एक मोठा डबा, ज्यातून घुमणारा आवाज येतो. दुकानदाराला मी तीन वेळा दारापर्यंत जाऊन रडवलं आणि अर्ध्यात उचलले. गाडीत घालताना मला वाटलं, अजून दहा मिनिटं थांबलो असतो तर आणखी उतरला असता.

पण नुसते स्पीकर मुके असतात. मध्ये रिसीव्हर लागतो. टीव्हीचा आवाज त्याच्यात येतो, तो त्याचे भाग पाडतो, कोणता कोणत्या स्पीकरला द्यायचा ते ठरवतो आणि प्रत्येकाला ताकद पुरवतो. तो स्पीकरला जुळणारा पाहिजे. आणि सौंसरला ज्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं चांगलं चालणारं दुकान होतं, तो विलास.

शोभानं सांगितलं म्हणून मी गेलो. विलासनं चहा मागवला, स्पीकरच्या मागच्या पट्टीचा फोटो माझ्या मोबाइलवर मोठा करून पाहिला, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"भाऊजी, हे चार ओहमचे हायेत. करंट लय ओढतात. हलका रिसीव्हर लावला तं गरम होऊन बंद पडते."

"नागपूरले एक पाहून आलो. डब्ब्यावर हजार वॅट लिवलं हाये."

"डब्ब्यावर साऱ्या चॅनलची, म्हंजे साऱ्या स्पीकरच्या ताकदीची, बेरीज करून लिवतात, बाप्पा. दोन चॅनल संगं चालले तं एकेकाले खरं किती भेटते, ते आतल्या पुस्तकात बारीक अक्षरात रायते. चार ओहमले चालते का नाही, ते बी तिथंच रायते. ते वाचा." मग तो थोडा पुढं झुकला. "अन् ताईसाठी घेऊन राहिले ना? मंग मधल्या स्पीकरवर ध्यान द्या. बाजूच्यातून गाणं, मोटारी, मारामारी. बोलणं सारं मधातून येते. मधला आवाज वेगळा वाढवता आला पाह्यजे, साफ करता आला पाह्यजे. ताईले ताकद नाही पाह्यजे, बोलणं समजलं पाह्यजे."

बोलणं समजलं पाहिजे. माझ्या कानात पंगतीतली पोरं पुन्हा हसली.

त्यानं कपाटातून एक रिसीव्हर काढून दाखवला. रंग साधा, वजन दगडासारखं, समोर फारशी बटणंही नाहीत. भाव नागपूरच्या दुप्पट.

"शेवटचं बोल," मी म्हटलं.

"हाच."

"पहिला बी हाच अन् शेवटचा बी हाच?"

"माह्या बहिणीसाठी हाये. यात मी कमावून नाही राहिलो, म्हणून कमी बी नाही होत."

माझ्या धंद्यात पहिलाच भाव शेवटचा म्हणून सांगणारा माणूस एकतर मूर्ख असतो, नाहीतर समोरच्याला मूर्ख समजतो. तरीही मी नातं धरून खांद्यावरचा दुपट्टा काढला, हातावर टाकला आणि हात पुढं केला. आमच्यात हा मान असतो. तुझ्याशी सौदा करायला मी बसलो, हा मान.

विलासनं त्या हाताकडं पाहिलं. कागदावर भाव लिहून माझ्याकडं सरकवला.

"हा बैलबाजार नाही, भाऊजी."

मी उठलो. चहा अर्धा राहिला. दुसऱ्या दिवशी नागपूरहून हजार वॅटचा डबा उचलून आणला, तोही घासाघीस करून. डब्यावर सोनेरी अक्षरं होती, समोर निळे दिवे होते. वजनाला इतका हलका की मी एका हातात धरून जिना चढलो. झाडाची फांदी तोलणारा माणूस मी. त्या वेळी हाताला वजन कळलं होतं. हातानं सांगितलं आणि मी ऐकलं नाही.

वास्तूला रोडगे होते, वरण, वांग्याचं भरीत, आणि त्याच दिवशी तोडलेली संत्री टोपल्यांत भरून ठेवलेली. हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं. मी मारामारीचा एक सिनेमा लावला आणि आवाज चढवला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, ताटातलं वरण हललं, बायकांनी कानांवर हात ठेवले. लोक म्हणाले, "वा शेठ!" शोभा पहिल्या रांगेत सोफ्यावर बसली होती, तळपाय जमिनीवर टेकवून. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी भिंतीला टेकून फक्त तिच्याकडं पाहत होतो. मला वाटलं, झालं. जमलं.

दहा मिनिटं झाली असतील. रिसीव्हरमधून 'टक' असा बारीक आवाज आला आणि सगळं बंद. चित्र चालू होतं. पडद्यावर माणसं तोंडं उघडत होती, मोटारी उलटत होत्या, आणि हॉलमध्ये आवाज नव्हता. निळ्या दिव्यांच्या जागी एक लाल दिवा उघडझाप करत होता. कोणाचा तरी घास ताटावरच थांबला.

शोभा सिनेमा पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं.

मिनिटभर तसंच गेलं. मग तिला काहीतरी जाणवलं. तिनं मागं वळून पाहिलं, पन्नास माणसं तिच्याकडं पाहत होती.

"काहून सारे थांबले?" ती म्हणाली. "घ्या ना. रोडगे थंडे होऊन राहिले."

आवाज बंद पडल्याचं तिला कळलंच नव्हतं. तिच्यासाठी आधीही तो फारसा नव्हता. आमच्या घरामागून इटारसीकडं मालगाडी जाते तेव्हा तिला जशी पायातून कळते, तेवढाच तो सिनेमा तिला पायातून कळत होता.

विलास माझ्या समोरच्या भिंतीशी ताट घेऊन उभा होता. त्यानं आधी बहिणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं.

"पाहून काय राहिला बे?" मी ओरडलो. "हसून घे! तुह्या मनासारखं झालं!"

"मी काही बोललो काय, भाऊजी?"

"नाही बोलला. तेच तं!"

विलासनं ताट खाली ठेवलं, हात धुतले, वाकून शोभाच्या पायाला हात लावला आणि निघून गेला. शोभानं मला विचारलं, विलास काहून गेला? मी म्हटलं, काम आहे त्याले. ती म्हणाली, "हो." तिला किती कळलं होतं, मला माहीत नाही. तेव्हापासून ती सगळ्याला 'हो' म्हणू लागली.

त्या दिवसापासून मला ती सुई लागली. रागही येईना. बगीचे घेतले, माल पाठवला, नफा झाला. शोभा स्वयंपाकघरात, मी ओट्यावर. हॉलमध्ये सहा स्पीकरांवर तिनं चादरी टाकून ठेवल्या. येणाऱ्याला वाटायचं घरात कोणी नाही आणि सामान झाकून गेले आहेत. दोन भाऊबिजा तिनं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. मी पाहिलं आणि आत येऊन जेवलो. भाजीला मीठ नव्हतं, ते मला ती जेवायला बसून 'अगं बाई' म्हणाली तेव्हा कळलं.

यंदा महिनाभरापूर्वी मोहगावला एक बगीचा पाहायला गेलो. मालक नवीन होता, हुशार होता. त्यानं मला रस्त्याकडच्या ओळीपाशी थांबवलं. फळं पानांपेक्षा जास्त, प्रत्येक फांदीखाली बांबू. मी सवयीनं पाठ फिरवून आत शिरलो, मधल्या झाडाची फांदी हातात घेतली आणि तशीच धरून उभा राहिलो. मालक मागून येऊन थांबला.

"काय झालं, शेठ? माल पसंत नाही काय?"

माल चांगला होता. मला दुसरंच दिसत होतं. सोनेरी अक्षरं, निळे दिवे, एका हातात धरून चढलेला जिना. आयुष्यभर जी ओळ पाहून मी कधी सौदा केला नाही, तीच पाहून मी बायकोसाठी घेतलं. आणि जो मला मधल्या ओळीत चला म्हणत होता, त्याच्या दुकानात मी अर्धा चहा टाकून उठलो होतो.

मोहगावहून मी पांढुर्ण्याला न येता सौंसरला गेलो. विलासचे केस पांढरे झाले होते. त्यानं मला पाहून खुर्ची पुढं केली आणि चहा सांगितला, जणू मी कालच येऊन गेलो होतो.

"तो रिसीव्हर हाये काय?" मी विचारलं.

"तो नाही. त्याच्यानंतरचा हाये. चार ओहमले चालते."

"भाव?"

त्यानं भाव सांगितला. एकच. मी दुपट्ट्याला हात लावला नाही. मान डोलावली. त्यानं माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं. मी आजारी आहे असं त्याला वाटलं असावं.

"विलास, लग्नात पंगतीत तू काय बोलला होता, याद हाये?"

"तुमच्या लग्नात?" तो आठवू लागला. खरंच आठवू लागला. "नाही बा. काय बोललो होतो?"

अठ्ठावीस वर्षं. मी त्याला सांगितलं नाही. माफही केलं नाही. अजून केलेलं नाही. फक्त या वेळी चहा पूर्ण प्यायलो.

रविवारी दुपारी तो दगडासारखा डबा घेऊन आला. शोभा त्याला पाहून दारात उभी राहिली, मग आत जाऊन रव्याचे लाडू घेऊन आली. विलासनं चादरी काढल्या, तारा जोडल्या. मग तीन पायांच्या एका काडीवर सुपारीएवढा माइक लावून तो शोभाच्या जागेवर, तिच्या कानाच्या उंचीला ठेवला.

"आता पाच-सात मिनिटं कोणी बोलाचं नाही. ही मशीन खोली आयकते अन् सारं जुळवून घेते."

"मले काहून सांगून राहिला?"

"मंग कोणाले सांगू? घरात दुसरं कोण वरडते?"

एकेका स्पीकरमधून शिटीसारखा चढता आवाज येऊ लागला. डावा, मधला, उजवा, मागचे. आम्ही दोघं खाली बसलो होतो, तोंड मिटून. शोभानं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि हसली.

"काय बाप्पा, दोघानं मौन धरलं काय?"

आम्ही दोघांनी एकदमच तोंडावर बोट ठेवलं.

मग विलासनं एक मालिका लावली. दोन बायका स्वयंपाकघरात बोलत होत्या, मागं संगीत. शोभाला तिच्या जागेवर बसवलं.

"ताई, आयकू येते काय?"

"हो."

त्यानं आवाज कमी केला. "आता?"

"हो."

त्यानं आवाज पूर्ण बंद केला. "अन् आता, ताई?"

"हो," शोभा म्हणाली.

विलासनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या हातातला रिमोट तसाच राहिला.

"तोंडानं नको विचारू," मी म्हटलं. "ती हो म्हणते. मी विचारतो."

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. माझी शाल आमच्या दोघांच्या हातांवर ओढली आणि तिचा हात हातात घेतला. ती दचकली. भावासमोर हे काय, असं तिच्या चेहऱ्यावर आलं. मग तिची बोटं सरळ झाली. इतक्या वर्षांनी, पण त्यांना आठवत होतं. मी टीव्हीकडं बोट दाखवलं, पंजा दाखवला, भुवया वर केल्या: पाच शब्दांतले किती?

तिनं बायकांच्या तोंडांकडं नाही, खाली जमिनीकडं पाहिलं, नुसत्या कानानं ऐकायला. माझं एक बोट दाबलं.

"एक," मी विलासला म्हटलं.

त्यानं मधला स्पीकर वाढवला, बाकीचे उतरवले. एकच बोट. जमिनीवरच्या डब्याचा घुमारा अगदी कमी केला. बराच वेळ गेला, मग दुसरं बोट आलं. तो रिमोट घेऊन सेटिंगची यादी वरखाली करत राहिला, बोलणं साफ करायचं एक बटण त्यानं शोधून काढलं, आवाज जरा पातळ झाला, टोकदार झाला. पडद्यावरची एक बाई दुसरीला काहीतरी विचारत होती. शोभाच्या कपाळावर आठी पडली. आणि तिसरं बोट आलं, हळूच, विचार करून, आपला बगीचा ओळखून असलेल्या मालकासारखं.

"तीन."

"थांबा, अजून पाहतो." विलास गुडघ्यांवर बसून मधला स्पीकर इंच-इंच फिरवू लागला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. शोभा त्याच्या पाठीकडं पाहत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, पुन्हा त्याच्याकडं. आणि तिचा सगळा पंजा माझ्या हातावर एकदम मिटला. पाचही.

या कामात माझी सगळी उमर गेली आहे. खरा भाव हळू येतो. एकदम मिटलेला पंजा दुसऱ्याच कशासाठी तरी मिटलेला असतो. अशा वेळी बोटं ढिली करायची आणि पुन्हा खालून सुरू करायचं, हे मी कधी चुकलो नाही.

विलास वळला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला.

"किती म्हणते, भाऊजी?"

"पाच," मी म्हटलं.

तो तिथंच फरशीवर मांडी घालून बसला आणि लाडू उचलला. पडद्यावरच्या बायका बोलत होत्या. बाहेर संत्र्यांचा ट्रक वळणावर हॉर्न वाजवून गेला, शोभा वळली नाही; ती त्या बायकांकडं पाहत होती, ओठ किंचित हलवत, एखादा शब्द सापडला तर धरून ठेवावा तसे. शालीखाली तिचा पंजा अजून मिटलेला होता. मी हात बाहेर काढला नाही.